उसनं फावडं

पहिल्या दिवशी ओत्ताव्योनं मला बादली दिली, मऊ ब्रश दिला,
म्हणाला, साबण नाही. नुसतं पाणी, वरून खाली.
आधी नाव मोठ्यानं वाच, मग हात लाव.
झोपलेल्याच्या तोंडावर न सांगता पाणी मारतं का कुणी?

मी वाचत गेलो.
परदेशी नावं, जिभेवर नीट बसेनात.
तो ऑलिव्हच्या बांधावरून ओरडला :
चुकलास तरी चालेल,
ऐंशी वर्षांत सवय झालीय त्यांना.

एकोणीस. तेवीस. वीस. एकोणीस.
मी येत्या ऑगस्टात बावीस.
एका दगडापाशी धाकटा, पुढच्यापाशी थोरला,
आणि बुटात पाणी.

चौथ्या रांगेत, शेवटून दुसरा, नावच नाही.
इथे काय वाचू?
काही नाही. नाव वाचायला लागतो
तेवढा वेळ थांब.

अकराच्या सुमारास एर्सिलिया चढ चढून आली
काठीऐवजी फावडं टेकत.
त्याच दगडापाशी थांबली.

नोव्हेंबर होता, म्हणाली, नदी फुगलेली. मी सात वर्षांची.
दारात एक जण, गुडघ्यापर्यंत चिखल.
आमची भाषा येईना, हवेतच खणून दाखवलं.
बापानं हे काढून दिलं.
जाताना त्यानं दोन बोटं वर केली.
दोन तास की दोन दिवस, आई रात्रभर भांडत होती.

तिसऱ्या दिवशी फावडं आलं.
आणणारा दुसराच.
लख्ख धुतलेलं.
बाप पात्याकडे बघत राहिला.
शेतातनं आणलेलं फावडं
इतकं कोण धुतं?

हाच तो कशावरून, मी विचारलं.
ती माझ्या ओल्या बुटांकडे बघून म्हणाली,
नसेलही.
पण ह्याच्याकडे दुसरं कोण येतं?

ओत्ताव्यो काही न बोलता आला,
तिच्या हातून फावडं घेतलं,
दगडापुढचं वाढलेलं गवत कडेनं कापलं,
एकच घाव, सरळ.
पातं पुसायला वाकला तशी ती म्हणाली,
राहू दे रे माती.

मायेल्लावर अजून बर्फ होतं.
ती उतारावरून गेली, फावडं टेकत,
प्रत्येक पावलाला थोडी माती रस्त्यावर सांडत.

बादलीतलं पाणी कोमट झालेलं.
पाचव्या रांगेतलं पहिलं नाव मी वाचलं.
चुकलंच असणार.
या वेळी बांधावरून कुणी ओरडलं नाही.