दोन हातांचं अंतर

आमच्या खेळात उंच उड्या नाहीत.
जोडीदाराला डोक्यावर घ्यायचं नाही.
दोघांत दोन हातांपेक्षा जास्त अंतर
पडू द्यायचं नाही,
पडलंच तर पाच सेकंद.
सहाव्याला गुण कापतात.

हे मी आता मुलांना सांगते,
रीगातल्या त्याच जुन्या रिंकवर,
गुडघ्यात स्टीलचा स्क्रू, गळ्यात शिट्टी.
मुलं म्हणतात, मग यात अवघड काय?

मी आठ वर्षांची असताना वेल्ताबाईंनी
मला इंतार्सच्या शेजारी उभं केलं,
वजनाशेजारी बटाटा ठेवावा तसं.
उंची जुळली. झालं.
त्याच्या नाकाला शेंबूड, माझ्या मोज्याला भोक.
पुढची तेरा वर्षं मी कुणाचाच हात
इतका वेळ धरला नाही, आईचासुद्धा.

वेल्ताबाई धारेवर धरायच्या, अक्षरशः.
पात्याला दोन धारा, मधे एक खोबण;
दोन्हींवर एकदम उभा राहतो
तो कुठंच जात नाही,
असं म्हणून त्या सिगारेट विझवायच्या.
पहाटे पाचला आम्ही एका पायावर तयार,
म्हणजे खरंच एका पायावर,
त्याच वाल्ट्झची तीच वळणं,
आजची रेघ कालच्या रेघेवर पडेपर्यंत.

आई मासळीच्या कारखान्यात डबे भरायची,
रात्री माझ्या पोशाखावर टिकल्या शिवायची.
कितीही धुतलं तरी त्या निळ्या शिफॉनला
धुरी दिलेल्या माशाचा वास.
सोफियाच्या स्पर्धेत एका परीक्षकबाईनं नाक मुरडलं.
आम्ही नववे आलो.
इंतार्स म्हणाला, वासाचे गुण वेगळे असते
तर पहिले.

लोक विचारायचे, तुमच्यात काही आहे का?
मी चार मिनिटं त्याच्या डोळ्यांत अशी बघायचे
की शेवटच्या रांगेतल्या माणसानं मफलर सैल करावा,
आणि मनात मोजत असायचे:
सहा, सात, आठ, आता गुडघा.
त्याच्या तळहाताचा घट्टा,
डाव्या खांद्याचा अर्ध्या ठोक्याचा उशीर,
पडायच्या आधी घेतलेला तो छोटा श्वास.
पुढे दोन नवरे झाले. त्यांच्याबद्दल
मला एवढं कधी कळलं नाही.
प्रेम नव्हतं ते.
काय होतं त्याला शब्द नाही,
आणि नाही तर नाही.

मग देश बदलला. आम्ही जागचे हललोही नव्हतो.
नव्या देशाकडे झेंडा होता, विजेचे पैसे नव्हते.
मे महिन्यात रिंकचं यंत्र बंद पडलं,
कडेकडेनं पाणी सुटत गेलं,
मधे एक बेट उरलं, जेमतेम बैठकीच्या खोलीएवढं.
त्या बेटावर आम्ही अख्खा कार्यक्रम बसवला,
लंबगोलाचा झाला गोल, गोलाचं झालं
जागच्या जागी फिरणं.
अंतर पडायला जागाच नव्हती.
तो आमचा सगळ्यात चांगला नाच.
राखणदारानं पाहिला. त्याला
घरी जायची घाई होती.

ओंटारियोतल्या एका सिमेंटवाल्याच्या मुलीला
जोडीदार हवा होता.
आमच्यात मुलगे कमी; चांगला मुलगा म्हणजे सोनं.
त्यानं ट्रॅमच्या थांब्यावर सांगितलं.
मी म्हटलं, जा.
ट्रॅम सुटली आणि सवयीनं मोजत राहिले,
चार, पाच.
सहाव्याला कुणी काही कापलं नाही.

नंतर दोन जोडीदार केले.
एकानं सांभाळलं, एकानं पाडलं.
स्क्रू दुसऱ्याचा.

सव्वीस वर्षांनी, त्याची आई गेली तेव्हा,
तो रिंकवर आला. टक्कल, पोट,
भाड्याचे तपकिरी स्केट्स, नाडीला गाठीवर गाठ.
बर्फ सपाट करणारा गाडीवाला हॉर्न वाजवत होता,
मुलं कठड्याला लोंबकळलेली.
संगीत नव्हतं. त्यानं हात पुढे केला,
घट्टा नव्हता त्यावर.
पण वळण आलं, आणि वळणावर
डावा खांदा, तसाच,
अर्धा ठोका मागे.

खांदा! मी ओरडले.
मुलं हसली.