पट्टा

कोपरखैरण्याच्या गाळ्यात, शटर अर्धं वर,
मी हिशेब मांडते:
महिन्याचे इतके, वर्षाचे इतके,
आणि थकले, तर माझ्याच फायली
मला ओळख दाखवणार नाहीत.

कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर
पप्पांनी चेक फाडून घेतलेलं सॉफ्टवेअर अजून चालतं.
डबी आहे, सीडी आहे, नंबर पाठ आहे.
फक्त जोडाक्षरं सुटतात:
मागच्या हळदीच्या बॅनरवर
'स्नेहांकित'मधला स नपासून वेगळा झाला
आणि नवऱ्याचा काका रुसला.

मढवीकाकू म्हणतात, नवीन पण विकतचंच घे गो,
भाड्याचं काय खरं?
त्यांचे स्वतःचे चार मजले
भाड्यावरच उभे आहेत.

घरही आमचं विकतचं.
जमीन मात्र सिडकोची, साठ वर्षांच्या पट्ट्यानं.
पप्पांनी तो कागद नीट वाचला तेव्हा
हप्ते फिटले होते,
पेढे वाटून झाले होते.

एका महिन्याचे भरते. बॅनर परवाचा आहे.

जुनी मशीन बंद करताना
पडद्यावर माझं पहिलं काम:
गाळ्याची पाटी.
बाहेर लटकतेय अजून, उन्हानं पिवळी,
'श्री' थोडा वाकडा.
तिचे पैसे
पप्पांनी मला अजून दिलेले नाहीत.