अर्ध्या वाटेवरचा

माझं गाव फॉलकर्क.
ग्लासगो आणि एडिनबरा यांच्या बरोब्बर मध्ये,
म्हणजे दोघांच्याही खिजगणतीत नाही.
सव्वीस वर्षं मी लोकांची बिऱ्हाडं हलवतो :
कपाटं, पलंग, आणि खोक्यात न मावणारी मतं.

मतं फार जड.
पियानोला निदान चाकं तरी असतात.

एडिनबऱ्यात, तिसऱ्या मजल्याच्या दगडी जिन्यात
फ्रीज पाठीवर घेऊन उभा होतो,
तेव्हा बाईंनी विचारलं, "चहा घेऊनच आला असाल ना?"
इतकी वर्षं वाटायचं, ग्लासगोवाल्यांनी रचलेली थट्टा आहे.
थट्टा नव्हती.
कप माझ्यासमोरच विसळला आणि उपडा ठेवला.

ग्लासगोत चहा मिळतो, बिस्कीट मिळतं,
वारलेल्या नवऱ्याच्या मूतखड्याची साद्यंत हकिगत मिळते,
आणि व्हॅन दीड तास उशिरा निघते.

डंडीचा गेकी म्हातारा म्हणाला,
"त्यांना किल्ला आहे, त्यांना तोंड आहे,
आम्हाला ऊन आहे."
बाहेर पाऊस कोसळत होता.
त्यानं खिडकीकडे बघितलंसुद्धा नाही.

ॲबर्डीनच्या बाईंनी माझ्या गाठी सोडवून
दोरी मोजून परत घेतली.
वर म्हणाल्या, "थांबा, सर उघडली की दगड बघा आमचा."
थांबलो.
करडं, मख्ख ते गाव चमकलं,
खरंच चमकलं, मीठ शिंपडल्यासारखं.
डंडीत मात्र मी हे कुणाला सांगितलं नाही.

मला स्वतःला मत नाही.
लोकांच्या सामानातून जागाच उरत नाही.

सेंगा मॅकिल्रेथ. पार्टिक, ग्लासगो. वय त्र्याहत्तर.
लेकीकडे निघाली कायमची.
मांडीवर भिंतीवरचं घड्याळ, माझ्या शेजारी बसून
सबंध रस्ताभर एडिनबऱ्याचा उद्धार :
शिष्टांचं गाव, नाकं आभाळात,
तिथला वारासुद्धा ओळख करून दिल्याशिवाय अंगाला लागत नाही.
लेक दारातच होती. म्हणाली,
"आई, हे एडिनबरा नाही. हे लीथ आहे."
सेंगाबाईंनी माझ्याकडे बघितलं.
मी घड्याळाकडे.

चौदा महिन्यांनी फोन. "ये, मला परत ने."
लेकीशी भांडण?
"नाही रे. चौदा महिने त्याच बसथांब्यावर उभी राहिले.
कुणी विचारलं नाही, बाई तुम्ही कुठल्या."

पार्टिकात शेजारीण हात पसरून धावत आली,
"सुटलीस गं त्या गोठलेल्या गावातून!"
आणि सेंगाबाई एकदम ताठ.
"गोठलेलं कसलं?
समोरचा म्हातारा दर गुरुवारी
माझा कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत न्यायचा.
चौदा महिने. एक शब्द न बोलता."
थोडं थांबून पुन्हा म्हणाल्या,
"एक शब्द न बोलता."
तक्रार होती की कौतुक,
बहुतेक त्यांनाही ठरवता आलं नाही.

बश्यांचं खोकं मी उघडलं.
मध्ये लोकरी मोज्यात गुंडाळलेली
तपकिरी सॉसची बाटली,
एडिनबऱ्याचे लोक चिप्सवर ओततात तो.
ग्लासगोत याच्यावरून नाती तुटतात.
बाईंनी झटकन ती फडताळात सरकवली,
व्हिनेगरच्या मागे.
"बघितलंस?"
"काय?" मी म्हणालो.

मग चहा आला. बिस्कीट आलं.
मूतखडा यायचा होता, पण त्याआधी
त्यांनी पहिल्यांदाच मला विचारलं,
"तू कुठला रे?"
"फॉलकर्कचा."
"हां हां," बाई म्हणाल्या, "ते लार्बर्टजवळचं."

"लार्बर्ट," मी कप खाली ठेवत म्हणालो,
जरा जोरातच ठेवला गेला,
"लार्बर्ट आमच्याजवळ आहे."