प्रश्न सात, तिसरा मसुदा

पहिल्या मसुद्यात होतं:
'मी माझ्या दीर्घकालीन आजाराचे स्वयं-व्यवस्थापन करते.'
घणसोली गावठाणात, ओटीवर,
धाकलीबाय मढवींनी सुपारी गालात सरकवली.
"यवस्थापन म्हंजी सोसायटीचा गो?
तो माजा पुतन्या बघतो."
मी लिहिलं: शब्द कळला नाही.
मलाही तो घरात कधी सापडला नव्हता.

दुसऱ्या मसुद्यात 'सांभाळते' आलं.
मी माझं दुखणं सांभाळते.
"हां," ती लगेच म्हणाली,
"सोला वर्सां जाली, सांभालतंय."

मग ऐरोलीच्या एका सरांनी, मूळ फॉर्म न बघता,
ते वाक्य इंग्रजीत परत नेलं.
अर्थ निघाला:
मी माझ्या आजाराचं पालनपोषण करते.
समिती हसली. वाशीची थंड खोली,
क्रीमच्या बिस्किटांची बशी,
आठांतल्या चौघांना शुगर.
मीही हसले.
पामबीचवर रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा आठवलं,
सोळा वर्षं. पोराला तरी इतकी कोण भरवतं.

चौकटी पाच.
चौथीत लिहिलेलं 'बहुधा'.
तिथे सगळेच अडखळत.
माथाडीतले सपकाळ म्हणाले, बहुधा म्हणजे
घेतली असेल गोळी, नक्की आठवत नाही, असं ना?
नाही, पुष्कळदा.
मग तसं लिहा की.
लिहिलं.

उरला 'स्वतः'.
'मी इन्सुलिन स्वतः वेळेवर घेते.'
धाकलीबाय: नेहमी.
चौदा दिवसांनी, तीच ओटी, मीच वाचलेला तोच प्रश्न:
कधीकधी.
संगणकावर तिची ओळ लाल झाली.
मॅडम म्हणाल्या, ही एक गाळली
तर आकडा पॉइंट आठच्या वर जातो.

मी तिसऱ्यांदा गेले. नियमात बसत नव्हतं.

फ्रीज तिच्याकडे नाहीच.
बाटली शेजारच्या वत्सलाकडे, अंड्यांच्या कप्प्यात.
संध्याकाळी सातला वत्सला ती घेऊन यायची,
सिरिंज उजेडाला धरून आकडे वाचायची,
धाकलीबाय पदर बाजूला करायची.
गेल्या बुधवारी वत्सलाची इमारत पाडायला घेतली.
ती कळव्याला, भाड्याच्या खोलीत.
बाटली माठाच्या बुडाशी, ओल्या फडक्यात.

"पन तवा तर 'स्वतः घेते, नेहमी' म्हणालात?"
माझी भाषा एव्हाना तिच्यासारखी होऊ लागली होती.
"घेतच व्हती ना स्वता," ती म्हणाली,
"वत्सला व्हती."

'स्वतः' काढू का, म्हणून मूळवाल्यांना विचारलं.
उत्तर आलं, नाही, तो नावातच आहे.
ठेवला.
लाल ओळही ठेवली. आकडा पॉइंट सात चार.
मॅडम दोन दिवस बोलल्या नाहीत.

सातला फोन लावते.
आकडे दिसत नाहीत तिला, रेघा दिसतात.
मोजा, म्हणते.
पलीकडे भांडं सरकतं, बांगडी वाजते,
एक, दोन, तीन...
थांब गो. परत.