खुंट आणि तार

आधी वजन.
डोळे मिटून तळहातावर घ्यायची,
पितळ असलं की मनगटाला लगेच कळतं.
हल्ली नकली येतात, ॲल्युमिनियमच्या,
अक्षरं लेसरनं कोरलेली, इतकी स्वच्छ की लाज वाटावी.
खऱ्या अक्षराला हातोडीचा धक्का असतो,
एखादा आकडा जरा पेंगलेला,
शिफ्ट संपता संपता मारलेला.

उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथवर उभा होतो,
माझ्याशी आटे बोलतात.
ही जात मेट्रिकला दाद देत नाही,
इंचाच्या हत्यारानंच सैल होते.
मग नळीवर शोधायचा बाण,
ओल्या सिमेंटवर कावळ्यानं पाय ठेवावा तसा,
सरकारी मालाची खूण.
बत्तीस नंबर. मार्क दोन. त्रेचाळीस साल.
आणि आत डोकावलं तर
सिनेमातली फुली नसते तिथं.
खालून वर आलेला एक टोकदार खुंट
आणि त्याला आडवी एक तार.
फुली दिसली की मी चहा पाजतो
आणि माणसाला वाटेला लावतो.

माझ्याकडं अकरा आहेत.
चार लक्ष्मीपुरीच्या भंगारातल्या,
एक मिरजेच्या डॉक्टरांनी पेपरवेट केलेली,
एक निपाणीत, तंबाखूच्या वखारीत,
डुगडुगत्या काट्याखाली ठोकळा म्हणून.
बायको म्हणते, अकरा डोळे, आणि एकालाही दिसत नाही.
खरं आहे. बुरशी धरते काचेला,
कडेकडेनं आत येते.

बायजाक्का मगदूम टाकळीच्या एस्टीनं आल्या.
मांडीवर हिरवा पत्र्याचा डबा,
आत शेंगांच्या टरफलांवर निजवलेली.
"आबांची हाय. पोरं ह्यातनं कारखान्याची चिमणी बघायची."
कशी आणली, मी विचारलं नाही.
वजन बरोबर. आटे बरोबर. बाण बरोबर.
काच मात्र कोरडी, लख्ख,
टरफलांनी ओल ओढून घेतली असावी.
वरचा ढोल तीनशेवर.
"हा कुणी फिरवला नाही?"
"त्याला हात लावू द्यायचे न्हाईत."

मी सांगत सुटलो.
की हाच नंबर रायफलीच्या मुठीशी
लाकडात ठोकलेला असतो, जोडी असते दोघांची,
एक बदलली की दुसरी आंधळी.
की ती रायफल इटलीच्या चिखलात असेल,
नाहीतर एखाद्या शस्त्रागारात,
नाहीतर आमच्याच फौंड्रीत वितळून
कुणाच्या विहिरीवर पंप झाली असेल.
त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या,
"ह्यातनं माणसाचं तोंड दिसतं का हो?"

तीन पट दिसतं, मी म्हणालो.
"तीन पट म्हंजे?"

खिडकीशी नेलं.
रस्त्यापल्याड रिवाइंडिंगच्या दुकानात
पोरगं तांब्याची तार गुंडाळत होतं.
बाईंनी एक डोळा मिटला, शिकवावं लागलं नाही.
बराच वेळ गेला. खाली रिक्षा थांबली, निघाली.
"मोजतंय," त्या हळूच म्हणाल्या.
"एकुणचाळीस. चाळीस."
आणि नळी जराशी डावीकडं सरकवली.
खुंट त्याच्यावरनं उतरून शटरवर गेला असावा.

"बोलताना आबा भित्तीकडं बघायचे.
आमाला वाटायचं, ऐकू कमी येतंय."

किंमत त्यांनी विचारली नाही, मीही काढली नाही.
डबा कडेला घेऊन पाचच्या गाडीनं गेल्या.
वहीत मी लिहिलं: मार्क दोन, अस्सल, काच स्वच्छ.
जोडीचा रकाना रिकामा,
तसा तो सगळ्यांचाच आहे.

हल्ली नवी नळी आली
की मी ती कोपऱ्यावरच्या टाकीवर धरतो.
टाकी गळते.
ते अगदी स्पष्ट दिसतं.