आवाज का ओढ

तीन महिने गाडीचा घसा बसला होता.
सळया भरून निघालो की
जिंतूरच्या चढाला ती अशी खोकायची
की ढाब्यावरचे लोक
ताटावरून मान वर करायचे.

लिंबाजी म्हणाला, मालक, सायलेन्सर बदला.
क्लीनरला सांगायला काय जातं.
जालन्यात लोखंड वितळवणारे रगड,
लोखंडाचं ऐकणारा कोण, ते सांग.

अंबड चौफुलीवर पहिला भेटला.
दुकानाला काच, आत पंखा,
पाइप असे चकचकीत टांगलेले
की त्यात माझीच दाढी दिसली, वाकडी.
"असा आवाज काढून देतो भाऊ,
मंठ्यात हाणला तर परतूरला कळंल."
परतूरला माझं कोणी नाही, म्हणालो.
त्यानं तरी भाव सांगितलाच.

दुसरा मोंढ्यामागं. त्यानं गाडी पाहिलीच नाही.
मोबाइलातून मान न काढता मॉडेल विचारलं
आणि पत्रा बोटानं वाजवून दाखवला.
पापडाएवढा.
एक पावसाळा, फार तर दीड.

तिसऱ्याकडं उतरलोच नाही;
त्याच्या दारातून बाहेर पडणारी गाडी
माझ्या गाडीसारखीच खोकत होती.

खय्यूम मिस्त्रीचा पत्ता
पंक्चर काढणाऱ्या रुख्मिणबाईनं दिला.
"जुन्या जिनिंगच्या भितीला लागून, पाटी नाही.
लिंबाखाली शेळी दिसंल, तिथं थांब.
आन् घाई हाय म्हणू नको, हाकलून देतो."

शेळी होती. मिस्त्री दुसऱ्याच्या गाडीखाली.
तासभर नुसते पाय दिसले.
मग बाहेर आला, हात पुसले,
आणि माझ्याशी नाही, आधी गाडीशी बोलला:
"क्या हुआ गे, कायकू रोरी?"

इंजिन चालू ठेवायला लावलं.
खिशातून उदबत्ती काढली, पेटवली,
पाइपाच्या कडेकडेनं नेत गेला.
धूर सरळ चालला, सरळ, सरळ,
आणि मॅनिफोल्डच्या जोडापाशी
एकदम दचकला.
"हितं," तो म्हणाला. "खोकला छातीतला,
आन् तुम्ही घशाला औषध हुडकत फिरायलात."

मी म्हणालो, ते कराच, पण पाइपही मोठा करा,
मोकळा, सरळ, पार मागपर्यंत.
त्यानं विडी कानावर ठेवली.
"आवाज पाहिजे का ओढ?"
मी गप्प.
"सगळंच मोकळं केलं तर दम राहत नाही शेठ.
आत थोडं अडलं पाहिजे."
माणसाचंही तसंच, असं तो म्हणाला नाही.
ते मीच जोडलं, परत येताना.

तीन दिवस लागले. जाड पत्रा यायचा होता.
पातळच लावा की, म्हणालो,
तर तो शेळीकडं बघत राहिला.
त्याच्याच लिंबाखाली झोपलो, भाकरी खाल्ली,
बेंड कसा काढतात ते पाहिलं:
पाइपात आधी वाळू ठासायची,
नाहीतर वळताना पोट आत जातं.
सहा हजार आठशे, तोंडी हिशोब.
शंभर कमी करा म्हणालो;
त्यानं वेल्डिंगची काच तोंडावर ओढली.

रात्री दहाला निघालो, सोळा टन.
चढ आला. गिअर पाडायला हात नेला
आणि तसाच परत आणला.
केबिनात एवढं शांत
की ताडपत्रीची दोरी फटफटताना ऐकू आली,
आणि डॅशबोर्डावरचं घड्याळ,
जे मला बंद आहे असं वाटायचं.

सवयीनं मी सुरू केलं:
थोरल्या मेहुण्यानं प्लॉटचे पैसे कसे बुडवले, ते.
लिंबाजी वळून बघायला लागला.
"मालक, हे कधी झालं?"
"अरे, दोन वर्षं झाली रोज सांगतोय तुला!"
"मला वाटायचं, रस्त्याचं काहीतरी सांगायलात.
मी आपला हो हो म्हणायचो."

जिंतूर गेलं. बोरी गेली.
दोघंही समोर बघत.
मग त्यानं तंबाखूची पुडी खिशात सारली,
पाय वर घेतले, म्हणाला,
"बरं, आता पहिल्यापासून सांगा."