कारण निवडा

सातव्या मजल्याचा स्लॅब ओतण्याआधी
सळईला तारेनं बांधले आम्ही अकरा सेन्सर.
वरून काँक्रीट पडलं, ते पोटातच राहिले.
तेव्हापासून दर दहा मिनिटांनी सांगतात
किती तापलंय, किती मुरलंय, टेकू कधी काढायचे.
मी बेसा रोडवर, कंटेनरच्या ऑफिसात,
एसी चोवीसवर ठेवून ऐकते.

बाकीचंही आपोआप.
सकाळी ड्रोन एक गिरकी मारून
कालच्यातून आज वजा करतो.
गेटवरचा कॅमेरा चेहऱ्यावरून हजेरी लावतो,
तोंडावर सिमेंट असलं की म्हणतो, पुन्हा बघा.
पुण्याहून ढबाले साहेब विचारतात, काही अडचण?
मी म्हणते, सगळं हिरवं आहे.

नवतप्यात लाल झालं.
सेन्सर चार, पाच आणि नऊ :
रात्री अकरा चाळीसला तापमान अचानक खाली.
दुसऱ्या रात्री तेच.
तिसऱ्या रात्री तेच.
खाली रकाना : कारण निवडा.
पाऊस. बिघाड. इतर.

सत्तेचाळीस अंशांच्या गावात कसला पाऊस.
टॉर्च घेऊन वर गेले.

ओल्या बारदानांवर ओळीनं माणसं.
दयाराम उईके पाइप पाठीमागे लपवत उभा राहिला,
पाणी चोरताना सापडल्यासारखा.
“टिनाखाली लेकरू भाजून निंगते, मॅडम.
स्लॅब बी पाणी पेते, आमाले बी झोप येते.”
सगनचं पोरगं बरोबर नऊ नंबरावर,
पालथं, गाल बारदानाला चिकटलेला.
त्याच्या पोटाखाली सहा सेंटिमीटरवर
आमची तार जागी.

खाली येऊन ‘इतर’ निवडलं.
तपशील भरा, म्हणाला रकाना.
लिहिलं : रात्रीचं क्युरिंग.
खोटं नव्हतं.

यंत्र शिकतं म्हणतात, ते खरंय.
आठ-दहा रात्रींत त्यानं विचारणं सोडलं.
अकरा चाळीसचा तो उतार
त्याच्या हिशेबात नेहमीचा झाला.

मृगाला दोन दिवस होते,
तेव्हा पुन्हा लाल :
अपेक्षित घट झाली नाही.

वर गेले. बारदानं वाळून पापडासारखी कडक.
पाइप गुंडाळून, सुतळीनं बांधून, नीट ठेवलेला.
ठेकेदारानं गँग दुपारीच बुटीबोरीला हलवली होती.
गेटच्या नोंदीत सापडलं मग :
चार वीस, बाहेर, चौदा चेहरे.
पोरगं त्यात नव्हतं. त्याची नोंद
कधी आतही नव्हती.
त्या नोंदीवर एकही लाल ठिपका नाही.

रकाना उघडाच होता.
पाऊस. बिघाड. इतर.

मी सुतळी सोडली, नळ सोडला.
चपला काढून ठेवल्या, का कोण जाणे.
चारवर मारलं, पाचवर मारलं,
नऊवर जरा जास्तच.